खांबेटे आणि कापलेली म्हातारी

आमच्या बिल्डिंगीत सत्यनारायण होता. गुरुजींना त्या दिवशी आणखी कुठेतरी पोचायचं होतं, म्हणून त्यांनी पोथीतला एक अध्याय गिळला. आम्ही सगळे समोर सतरंजीवर बसलेलो. बऱ्याच जणांना कळलं नाही आणि ज्यांना कळलं त्यांना बरंच वाटलं, कारण शिऱ्याचा वास सुटला होता. एवढ्यात मागून आवाज आला, "गुरुजी, मधलं कापलंत."

गुरुजी म्हणाले, "अहो, भाव महत्त्वाचा."

"भाव आहे. अध्याय नाहीये."

गुरुजींना मागे जाऊन तो अध्याय वाचावा लागला. शिरा गार झाला. पुढच्या वर्षी गुरुजींनी आमचं आमंत्रण घेतलं नाही.

हे मोरेश्वर खांबेटे. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या बाजूला आमची बिल्डिंग आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर. ते साठीच्या पुढचे, लग्न केलेलं नाही, अंगाने काडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. जन्मभर छापखान्यात नोकरी केली. पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका शोधायच्या आणि कुठे ओळ गळली असेल तर ती परत घालायची, हे त्यांचं काम. नोकरी संपली, पण डोळ्याला कुणी सांगितलं नाही की ती संपली. आता ते माणसांच्या बोलण्यात गळलेल्या ओळी शोधतात.

जिन्यात कुणी म्हणालं, "काल जरा बरं नव्हतं," की हे थांबतात. "जरा म्हणजे? पूर्ण सांगा." वरच्या पाटलांच्या मुलाची नोकरी गेली तेव्हा पाटलीणबाई सगळ्यांना सांगायच्या, वर्क फ्रॉम होम आहे. आम्ही मान डोलवायचो. खांबेट्यांनी विचारलं, "आधी ऑफिस होतं, आता घर आहे. मधलं काय झालं?" बाई जिन्यातच रडायला लागल्या. माणूस वाईट नाही. त्यांना खरंच ऐकायचं असतं. पण पूर्ण ऐकून घेणारा माणूस लोकांना झेपत नाही.

आणि ते स्वतः काही सांगायला लागले की बसायला पाट घ्यावा. स्टेशनवरून कोथिंबीर आणली एवढीच गोष्ट, पण ती चप्पल घालण्यापासून सुरू होते. बिल्डिंगमधली मुलं त्यांना 'फुल व्हर्जन काका' म्हणतात. त्यांना त्याचा राग येत नाही. उलट ते म्हणतात, "बरोबर आहे."

हे सगळं सोसता येतं. त्यांचं मोठं वेड वेगळं आहे. ते पिक्चरचं.

एक इंग्रजी कादंबरी आहे, पाट्यासारखी जाड. तिच्यावर पिक्चर निघाला. मी चौथी शिकलेली बाई, मला त्यातलं एवढंच कळलं की दलदलीत एक राज्य आहे, त्याचा राजा हरवलाय आणि एक पोरगा त्याला शोधायला निघतो. खांबेट्यांनी ती कादंबरी इतक्या वेळा वाचलीय की तिची पानं पापडासारखी झालीत. पिक्चर कल्याणच्या मॉलमध्ये लागला तेव्हा हे पुस्तक घेऊन गेले. मध्यंतरात उभे राहिले आणि सगळ्या थेटराला सांगायला लागले, आतापर्यंत काय काय कापलंय. कुणीतरी ओरडलं, "अंकल, बैठो ना!" हे म्हणाले, "बसतो. नदीचं प्रकरण राहिलंय, ते सांगतो आणि बसतो." मग दोन सिक्युरिटीवाले आले आणि त्यांना दंडाला धरून बाहेर नेऊन पॉपकॉर्नच्या दुकानापाशी बसवलं.

थेटरात पिक्चर कापून दाखवतात, हे मला खांबेट्यांकडून कळलं. नंतर तोच पिक्चर लांब करून तबकड्यांच्या, म्हणजे डीव्हीडीच्या, खोक्यात विकतात. आणि लांब करूनही जे तुकडे उरतात, ते वेगळ्या तबकडीवर देतात. साडीबरोबर ब्लाऊजपीस देतात तसं. हल्ली लोक फोनवर पिक्चर बघतात, खांबेट्यांनी त्या खोक्यासाठी तबकड्यांचं जुनं मशीन शोधून आणलं. मग कॉम्प्युटरवर बसून ते उरलेले तुकडे पुस्तकाप्रमाणे जिथल्या तिथे शिवले. त्यांच्या घरचा पिक्चर सकाळी चहाला सुरू होतो तो दिवेलागणीला संपतो. मध्ये जेवायची सुट्टी.

हा पिक्चर बघायला त्यांच्याकडे कुणी जात नाही. मी गेले. मे महिना होता, माझा पंखा आवाज करत होता आणि त्यांच्याकडे एसी आहे. दुसरं कारण नाही.

इंग्रजी मला येत नाही, म्हणून ते प्रत्येक वाक्य मराठीत सांगायचे. राजा बोलला की हे बोलणार. घोडा खिंकाळला की मी म्हणायची, "हे नका सांगू, कळलं." पुस्तक मांडीवर, बोट ओळीवर. "हे आहे. हे आहे. हे बदललं. हे कापलं होतं, मी घातलंय."

उरलेल्या तुकड्यांची गंमत अशी की ते अर्धकच्चे असतात. एका तुकड्यात हिरवा घट्ट पोशाख घातलेला एक माणूस होता. हातात काठी, काठीला चेंडू. आणि शंभर सैनिक त्या चेंडूकडे बघून बोंबलत पळतायत.

"हा कोण?"

"राक्षस."

"हा?"

"अजून कॉम्प्युटरवर काढायचा होता, काकू. प्रसंग कापला म्हणून राक्षस काढलाच नाही."

मी पोट धरून हसले. एवढी हसले की खांबेटे पिक्चर थांबवून माझं होईपर्यंत बसून राहिले.

मग तो दुसरा तुकडा आला.

त्या राज्याच्या वेशीवर एक म्हातारी राहते. एकटी. थेटरात ती पळभर दिसते, पोराला भाकरी देते आणि संपलं. खांबेटे तिच्यासाठी फार तळमळायचे. "अख्खं प्रकरण आहे हो तिचं! सगळ्यात आधी तिलाच कापलं."

मी म्हटलं, "म्हाताऱ्यांना आधीच कापतात. त्यात नवल काय?"

तर त्या राज्यात एक 'ते' आहे. त्याला नाव नाही, तोंड नाही. तिन्हीसांजेला घराशी येतं आणि त्या घरातल्या मेलेल्या माणसाच्या आवाजात हाक मारतं. एकदाच. दार उघडलं की संपलं. दुसऱ्या दिवशी घर असतं, चूल असते, माणूस नसतं.

या तुकड्यात काहीच नव्हतं. वाजंत्री नाही, काळोख नाही, धूर नाही. एक लाकडी दार, एक म्हातारी, पाठीमागे साधी भिंत. बाहेरून कुणीतरी सपाट आवाजात एक वाक्य बोललं. आणि माझ्या शेजारी बसलेल्या खांबेट्यांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात त्याचं मराठी केलं.

"दार उघड. मी आलोय."

म्हातारी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, माझ्यासारखीच. दाराशी गेली. कडीला हात लावला. आणि तुकडा संपला.

राक्षस रंगवलेला असता, दात असते, तर मी घाबरले नसते. हे फार साधं होतं, म्हणून घाबरले.

मी विचारलं, "उघडलं का तिने?"

खांबेटे पुस्तकाकडे बघत राहिले. पुढे काय झालं हे न विचारता सांगणारा माणूस. ते म्हणाले, "पुढचं त्यांनी काढलंच नाही."

"पुस्तकात?"

"चहा टाकतो," म्हणाले आणि आत गेले.

आता माझं सांगते. आमचे हे इथल्याच एका कंपनीत होते. जाऊन बरीच वर्षं झाली. पहिली पाळी करून, मित्रांबरोबर नाक्यावर थांबून, बरोबर दिवेलागणीला जिना चढायचे. बेल कधी वाजवली नाही. दारावर हाताचा पंजा एकदा आपटायचे आणि म्हणायचे, "दार उघड गो, इलंय मी." एकदाच. दुसरी हाक मारणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. मी पोळपाटावरची पोळी टाकून उठायची.

माझं त्यांच्याशी वाईट नव्हतं. फार चांगलंही नव्हतं. संसार केला. पण गेलेल्या माणसाने गेलेलंच राहावं, असं माझं मत आहे.

आमच्या कोकणातल्या गावात लहान पोरालाही ठाऊक असतं, तिन्हीसांजेनंतर कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. माणूस परत परत हाक मारतो, ते दुसरं एकदाच मारतं. डोंबिवलीत आल्यावर मी हे विसरले होते. इथे जिन्यात दिवे असतात, टीव्ही चालू असतात, भुतांना उभं राहायला जागा कुठे? त्या पिक्चरनंतर सगळं परत आलं. संध्याकाळी केमिकलच्या कंपन्यांचा वास सुटला, खाली रिक्षांचे आवाज कमी झाले, की माझे कान जिन्यात जायचे. कुणाची तरी चप्पल वर चढायची. दुसरा मजला. मग आमचा. मी देवापुढे वात लावता लावता थांबायची आणि काडी बोटापर्यंत जळायची.

एक गोष्ट नीट सांगते. हाक येईल ही भीती नव्हती. हाक आली तर मी उठेन, ही होती. त्या हाकेला उठायची सवय अंगात मुरलेली. डोकं काही म्हणेपर्यंत हात कडीवर गेलेला असणार.

म्हणून मी नियम केला. दिवस कलला की तीन हाकांशिवाय दार उघडायचं नाही.

आता शहरात कोण तीनदा हाक मारतो? गॅसवाला एकदा ओरडला, "सिलेंडर!" आणि परत गेला. मी चार दिवस समोरच्या हॉटेलातून डोसा खाल्ला. कुरिअरवाल्याने सुनेने पाठवलेली साडी वॉचमनला दिली, ती वॉचमनच्या बायकोला आवडली. हसायला हरकत नाही, मीही नंतर हसले. पण हे बाहेर कळून चालणार नव्हतं, कारण मधे माझा मुलगा होता.

संजय ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. मोठा टॉवर, खाली बाग, बागेत माझ्यासारख्या बायका बाकावर ओळीने बसवलेल्या. मला तिथे जायचं नाही. इथे माझी खोली आहे, माझी भाजीवाली आहे, माझ्याशी भांडणारी माणसं आहेत. पण मागच्या गल्लीत एक आजोबा आत पडले आणि दार तोडेपर्यंत उशीर झाला, ते संजयच्या कानावर गेलं. पाडव्याला जेवताना त्याने सांगितलं, "आई, मी जबरदस्ती करत नाही. पण एकदा जरी मी दार वाजवलं आणि तू उघडलं नाहीस ना, तर दुसऱ्या दिवशी कुलूप लावून ठाण्याला. मग नाही म्हणायचं नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. तेव्हा पिक्चर बघितला नव्हता.

खांबेट्यांना हे कसं कळलं ते मला माहीत नाही. एका संध्याकाळी त्यांनी माझा डबा परत द्यायला हाक मारली, "काकू." मी आत गप्प. ते गेले. दुसऱ्या संध्याकाळी परत आले. "काकू." मी गप्प. जरा वेळाने, "काकू." मी उठून दाराशी आले. "काकू." मी कडी काढली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, डबा दिला आणि गेले. त्यानंतर ते नेहमी तीन हाका मारायला लागले. एका सुरात, मध्ये थांबून, छापखान्यात तपासल्यासारख्या. मी त्यांना काही बोलले नाही. त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, एकदा का यांनी 'पूर्ण सांगा' म्हटलं की माझं संपलं. बिल्डिंगभर होईल आणि तिथून ठाण्यापर्यंत जायला किती वेळ लागतो?

जूनच्या सुरुवातीचा रविवार होता. संजय दुपारी जेवायला येणार होता. दोन वाजले, तीन वाजले, आला नाही. फोन केला तर म्हणाला, शीळफाट्याला अडकलोय, ट्रक आडवा झालाय. मग लाईट गेले. माझ्या फोनचं चार्जिंग संपलं. पाच वाजून गेल्यावर मी धरून चालले की तो परत गेला असणार. भात झाकून ठेवला.

दिवस कलला. लाईट नव्हतेच. जिना काळा झाला असणार, कारण दाराखालची उजेडाची पट्टी गेली. मी मेणबत्ती शोधत होते.

चप्पल चढायला लागली. जड पाय. दुसरा मजला. आमचा मजला. दाराबाहेर थांबली.

दारावर हाताचा पंजा एकदा आपटला. "आई, दार उघड. मी आलोय."

'आई' हा शब्द मला ऐकूच आला नाही. मला आवाज ऐकू आला. आमच्या ह्यांचा आवाज होता. तोच जाडसर, घशात अडकलेला. पन्नाशीला आलेल्या मुलाचा आवाज बापासारखा होतो, हे मला उजेडात कळलं असतं. काळोखात ते आले होते.

आणि मी उठले. जसं मला वाटलं होतं तसंच. गुडघ्यावर हात ठेवून उठले, दाराशी आले, हात कडीवर गेला. गार लोखंड बोटाला लागलं आणि मला ती म्हातारी आठवली. मी तशीच थिजले. हात मागे येईना, कडी सरकेना. दाराला बघायचं भोक आहे, पण त्याला डोळा लावायचा म्हणजे पलीकडून कुणी डोळा लावलेला असेल तर?

बाहेर शांतता. संजय फोन लावत होता, हे नंतर कळलं. माझ्यासाठी ती शांतताच पुरावा होती. एकच हाक. दुसरी नाही.

मग तो दार ठोकायला लागला. "आई! अगं आई! ऐकतेस का?" तीन काय, दहा हाका झाल्या असतील. पण नियम डोक्यात असतो आणि डोकं जागेवर नव्हतं. तोंडातून ओ निघेना.

समोरचं दार उघडल्याचा आवाज आला.

"काका, आई दार उघडत नाहीये." आता त्याचा आवाज फाटला होता. "फोन बंद येतोय. आत पडली असेल. तोडायला लागेल, वॉचमनला बोलवा!"

"तोडू नका. जरा बाजूला व्हा. नाही, माझ्या बॅटरीच्या उजेडात उभे राहा."

"अहो, वेळ काय, तुम्ही काय—"

"काकू," खांबेटे म्हणाले. थांबले. "काकू." परत थांबले. "काकू. मी खांबेटे. माझ्या शेजारी तुमचा संजय आहे. चेक्सचा शर्ट आहे, घामाने भिजलाय. केस पुढून गेलेत. डाव्या हातात आंब्याची पेटी, तिला सुतळी बांधलीय, सुतळीला गाठ नीट नाही. चपला कोल्हापुरी. पाय सरळ आहेत. मी बॅटरी मारून बघितले. दोन्ही."

"काय?" संजय म्हणाला.

मी कडी काढली.

संजयने मला धरलंच. पेटी खाली पडली, आंबे जिन्यात गेले. मग भीतीतून सुटलेला माणूस रागावतो तसा तो रागावला. "काय झालेलं? आत उभी होतीस ना? दारामागेच होतीस! मग बोलायला काय झालं?"

मी खांबेट्यांकडे बघितलं.

"मी सांगतो," ते म्हणाले आणि त्यांनी घसा साफ केला.

घसा साफ केला की काय होतं, ते मला ठाऊक होतं. आता दलदलीचं राज्य येणार, हिरव्या कपड्यातला माणूस येणार, म्हातारी येणार, गॅसवाला येणार, तीन हाका येणार, काही राहणार नाही. उद्या सकाळी कुलूप. मी मनातल्या मनात पातेली आवरायला लागले.

खांबेट्यांनी चष्मा वर सरकवला. "काकूंचा कान दुखत होता," ते म्हणाले. "तेल घालून कापूस लावलाय."

संजय पुढचं ऐकायला थांबला. मीही थांबले.

"एवढंच?" संजयने विचारलं.

"एवढंच," खांबेटे म्हणाले आणि जिन्यातले आंबे गोळा करायला खाली वाकले.

त्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मी पदर कानावरून घेतला. कानात काही नव्हतं.

संजय जेवला. दोनदा म्हणाला, कान डॉक्टरला दाखव. जाताना दारात थांबून म्हणाला, "शेजार चांगला आहे तुझा." ठाण्याचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खांबेट्यांकडे गेले. आमरस नेला होता, त्यात प्रेम वगैरे नाही, आंबे आपटलेले होते, टिकले नसते.

"काल खोटं बोललात."

त्यांचे कान लाल झाले. "खोटं नाही म्हणता येणार. तुमचा कान मागच्या आठवड्यात दुखत होता. मी मधलं कापलं."

"आता मला पूर्ण सांगा. म्हातारीने दार उघडलं की नाही?"

त्यांनी पुस्तक उचललं, पण उघडलं नाही. नुसतं मांडीवर ठेवलं. "उघडलं. पहिल्याच हाकेला."

"मूर्ख बाई."

"तिला माहीत होतं, काकू. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. बाहेर तिचा नवरा नाही हे तिला ठाऊक होतं."

"मग कशाला उघडलं?"

"तिला कितीतरी वर्षांत कुणी हाक मारली नव्हती."

एसी घरघरत होता. मी आमरसाच्या भांड्यावरचं झाकण सरळ केलं. मला वाटलं, झालं, आता दुसरं काही बोलतील. पण ते पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाले, "आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, मोरू. पान वाढलंय, मोरू. ती गेली. आता मी काका आहे, साहेब आहे, खांबेटे आहे. नावाने कोण बोलावणार? तो तुकडा मी सगळ्यात जास्त वेळा बघितलाय. तुम्हाला भीती वाटली, मला कळलं. मला नाही वाटत." मग जरा हसून म्हणाले, "माझ्या दाराशी ते आलं आणि मोरू म्हणालं, तर मी विचारणारसुद्धा नाही कोण आहे म्हणून."

मी खरं सांगते, कडीला हात लावून काळोखात उभी होते तेव्हा मी एवढी घाबरले नव्हते. हा माणूस दार उघडणार. हसत उघडणार. आणि दुसऱ्या दिवशी घर असेल, एसी असेल, तबकड्यांचं खोकं असेल.

"तुम्हाला त्रास होत असेल तर मी तो तुकडा काढून टाकतो," ते म्हणाले. "पुढच्या वेळी तुम्ही आलात तर. पाच मिनिटांचं काम आहे."

"अजिबात काढायचा नाही," मी म्हटलं. "एकदा कापलं तिला, पुरे झालं."

त्या दिवशी संध्याकाळी मी वात लावली. कंपन्यांचा वास सुटला होता. जिन्यात लाईट होते, पण आमच्या मजल्यावरचा बल्ब कुणीतरी काढून नेलाय, तो अजून लागला नाही. भीती गेली होती असं नाही. कडी काढताना हात गार पडला. तरी काढली, समोर गेले आणि त्यांच्या दारापुढे उभी राहिले. बेल वाजवली नाही.

"मोरू," मी हाक मारली.

दार लगेच उघडलं. एवढ्या लगेच की मला वाटलं, हा माणूस दिवेलागणीला दाराशीच उभा असतो. हातात चहाची गाळणी होती, चष्मा कपाळावर, आणि तोंड असं झालेलं की मी ते इथे लिहिणार नाही.

"अरे, अक्कल आहे का?" मी म्हटलं. "दिवेलागण झालीय. पहिल्या हाकेला दार उघडतात? आत जा. कडी लाव."

"काकू, पण—"

"लाव म्हटलं ना. तीन हाका होईपर्यंत हात लावायचा नाही. कुणाचाही आवाज असू दे."

तो आत गेला. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

मी परत पहिल्यापासून सुरुवात केली. पहिली हाक मारली. आत काही नाही. दुसरी मारली. दारापलीकडे तो कडीला हात लावून उभा होता, त्याचा श्वास मला बाहेर ऐकू येत होता.

तिसरी हाक मी मुद्दाम जरा उशिरा मारली. सवय लागायला पाहिजे.